आम्ही की आपण

रविवारी साडेसातच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पप्पा देवळापर्यंत येतात आणि आत येत नाहीत. आमच्या वसईतली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मलाही तीच सवय. आवारात दगडी क्रूस आहे, त्याच्या मागे बदामाचं झाड, झाडाला पार. पप्पा पारावर बसतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, चपला काढून शेजारी ठेवलेल्या, हात गुडघ्यांवर. आत गायन सुरू झालं की त्यांची मान जराशी खाली जाते. ख्रिस्तप्रसादासाठी आतले सगळे रांगेत उभे राहतात, तेव्हा तेही उठून उभे राहतात. रांग संपली की बसतात. हे १९९४ पासून चालू आहे.

त्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. एकोणीस वर्षांचा. कावीळ झाली आणि नवव्या दिवशी सगळं संपलं. अंत्यविधीच्या प्रवचनात धर्मगुरू म्हणाले, देवालाही आपल्या बागेसाठी सुंदर फुलं हवी असतात, म्हणून कधीकधी तो कळ्या खुडून नेतो. बिचारे तरुण होते, आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, नवीन होते, पप्पांचा धंदा त्यांना ठाऊक नव्हता. पप्पांची मोगऱ्याची वाडी होती. अंधारात उठून कळ्या खुडायच्या, टोपल्या भरायच्या आणि पहाटेच्या गाडीने दादरच्या फूलबाजारात न्यायच्या, यात त्यांचं आयुष्य गेलं. दफनभूमीच्या फाटकाशी ते धर्मगुरूंना म्हणाले, "फादर, कळी खुडतात ती बाजारासाठी. देवाचा कुठला बाजार आहे?"

आवाज चढवला नाही. उत्तराची वाटही पाहिली नाही. पुढच्या रविवारी नेहमीसारखे तयार झाले, आमच्याबरोबर निघाले, आणि देवळाच्या पायरीशी आल्यावर बाजूला वळून पारावर जाऊन बसले. आई आत गेली. तिच्यामागून मी.

माणसं विचारायची, तुझे वडील नास्तिक झाले का? नाही. नास्तिक माणूस रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बदामाखाली कशाला बसेल? मग रागावलेत का? असतीलही, पण राग एकतीस वर्षं इतका शिस्तीत राहत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवते, शब्द शोधणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि पप्पांच्या जागेसाठी मला शब्द सापडत नव्हता. आस्तिक आणि नास्तिक या दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर बसलेल्या माणसाला काय म्हणायचं?

पुस्तकांत शोधायला लागले तर तिकडे 'उत्तराधुनिक श्रद्धा' नावाचं मोठं प्रकरण निघालं. शब्द तोंडात मावत नाही, पण मुद्दा साधा आहे. ल्योतार या फ्रेंच विचारवंताने १९७९मध्ये उत्तराधुनिकतेचं सार सांगितलं ते असं: महाकथनांवरचा अविश्वास. सृष्टीच्या आरंभापासून अंतापर्यंत सगळ्याचा हिशेब एकाच गोष्टीत बसवून दाखवणारा कुणी आला, की त्याच्याकडे संशयाने पाहायचं. आता ख्रिस्ती धर्माइतकं भरभक्कम महाकथन दुसरं कुठलं? त्यामुळे पुष्कळांनी गृहीत धरलं की हा विचार आला म्हणजे देवळं ओस पडणार. पण काहींनी उलटीकडून पाहिलं. सगळ्याचा हिशेब द्यायची जबाबदारी खांद्यावरून उतरली, तर श्रद्धेला कदाचित हलकं होऊन चालता येईल. जियानी वात्तिमो हा इटालियन तत्त्वज्ञ कॅथलिक घरात वाढला, दूर गेला, आणि उतारवयाकडे झुकताना परत या प्रश्नापाशी आला. देवावर विश्वास आहे का, असं त्याच्या जुन्या प्राध्यापकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माझा विश्वास आहे, असा माझा विश्वास आहे." इटालियनमध्ये त्यातल्या पहिल्या 'विश्वास'चा अर्थ 'मला आपलं वाटतं' असाही होतो. म्हणजे वाटतं बुवा, आहे.

हे पप्पांना सांगितलं. म्हणाले, "एवढं शिकून शेवटी हेच?"

पण मला त्या 'वाटतं बुवा'पेक्षाही जास्त अडकवून ठेवलं ते एका सर्वनामाने. माझ्या आजीला 'क्रेदो', म्हणजे मिस्सात म्हणायचा श्रद्धेचा कबुलीजबाब, तोंडपाठ होता, लॅटिनमध्ये. अर्थ एका शब्दाचाही माहीत नाही, पण लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन घडाघडा म्हणायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या पुढे, मिस्सा मराठीत आला तेव्हा तिला म्हणे पहिल्यांदा कळलं की आपण इतकी वर्षं काय म्हणत होतो. ती थोडी नाराजही झाली. क्रेदो म्हणजे 'मी विश्वास ठेवतो'. मात्र ३२५ साली नायसिया इथे सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या परिषदेत बिशपांनी क्रेदोचा जो मूळ ग्रीक मसुदा मंजूर केला, त्यात 'मी' नाही. तिथे अनेकवचन आहे. आता मराठीत याचं भाषांतर करायला बसा आणि पाहा काय होतं. 'आम्ही विश्वास ठेवतो' म्हणायचं की 'आपण विश्वास ठेवतो'?

ग्रीकला हा प्रश्न पडत नाही. लॅटिनला नाही, इंग्रजीला नाही. मराठीला पडतो. 'आम्ही' म्हटलं की समोरचा त्यात नाही. 'आपण' म्हटलं की समोरच्यासकट. "आम्ही जेवायला चाललोय" आणि "आपण जेवायला जाऊ" यातला फरक आपल्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही कळतो, कारण एकात त्याला ताट आहे आणि दुसऱ्यात नाही. नायसियाचा मजकूर पूर्ण वाचला तर उत्तर मिळतं. त्या मूळ मसुद्याच्या शेवटी शापवाणी आहे: 'पुत्र नव्हता असा एक काळ होता' असं जे म्हणतात, त्यांना चर्च धिक्कारते. रोख एरियस या धर्मगुरूवर आणि त्याच्या मंडळींवर होता; पुत्र, म्हणजे ख्रिस्त, देवाने निर्माण केलेला आहे, असं ते मानत. म्हणजे तो 'आम्ही'च होता, आणि शेवटच्या ओळीत त्याला कुंपणही घातलेलं होतं.

कुंपणाला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. ज्यांची वाडी आहे त्यांना कुंपणाची किंमत कळते. तरीही या 'आम्ही'चं 'आपण' करता येईल का, हा प्रश्न काही ल्योतारच्या पॅरिसहून किंवा वात्तिमोच्या तुरिनहून आपल्याकडे आलेला नाही.

नारायण वामन टिळकांची गोष्ट मराठी वाचकाला वेगळी सांगायला नको. आगगाडीच्या डब्यात भेटलेला गोरा सहप्रवासी, त्याने हातात दिलेला नवा करार, १८९५चा बाप्तिस्मा. आपल्याला लक्ष्मीबाईंमुळे घरची बाजू जास्त माहीत असते, आणि तीच जास्त रसाळ आहे यात वाद नाही. (लक्ष्मीबाई नवऱ्यामागे फरपटत गेल्या नाहीत, हेही लक्षात ठेवण्यासारखं. त्यांनी स्वतःचा वेळ घेतला आणि १९०० साली, स्वतःच्या पायांनी त्या तिथे पोचल्या.) मला मात्र टिळकांची शेवटची दोन वर्षं खुणावतात. १९१७मध्ये, पंचावन्न वर्षांचे असताना, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' काढला. या दरबारात बाप्तिस्मा झालेले येणार होते आणि न झालेलेही. ख्रिस्ताच्या मागून चालायचं ज्याला वाटतं तो दरबारातला, मग नोंदवहीत नाव असो वा नसो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं सांगणाऱ्या माणसाला पुलाच्या दोन्ही टोकांना माणसं उभी आहेत हे दिसत असणारच.

मिशनमधल्या लोकांना हे कितपत रुचलं असेल याचा अंदाज करा. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. म्हणजे प्रयोग फसला का? मला असं विचारणंच चुकीचं वाटतं, आणि तरी दर वेळी मी विचारते. टिळकांच्या साताऱ्याच्या घराला कुंपण नव्हतं म्हणून ते टिकलं नाही, की ते गेले म्हणून टिकलं नाही?

पंडिता रमाबाई त्यांच्याही आधीच्या, आणि जास्त तिखट. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात. धर्म बदलला म्हणून ताट बदलायला त्या तयार नव्हत्या. अंड्याचं पुडिंग खायला नकार दिला, आणि त्या भगिनींना यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. क्रुसावरची अक्षरं लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असं विचारलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद घातला. एका पत्रात तर लिहिलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड महाप्रयासाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं चढवून घ्यायची माझी तयारी नाही. बाप्तिस्म्यानंतर लिहिलंय हे! पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी ते स्वतःच्या छापखान्यात छापलं. ज्या विधवांना घरच्यांनी समोर येऊ दिलं नव्हतं, त्यांनी देवाच्या शब्दाचे खिळे जुळवले. श्रद्धा अनेकांच्या हातांनी घडते म्हणजे काय, याचं मला यापेक्षा ठळक चित्र ठाऊक नाही. या बायकांनी 'उत्तराधुनिक' शब्द ऐकलाही नसणार.

पश्चिमेकडे नव्वदीनंतर बरेच लहान गट निघाले. वेदीवरून खाली उतरलेलं प्रवचन, गोल मांडलेल्या खुर्च्या, उत्तरांऐवजी गप्पा. बेलफास्टला 'आयकॉन' नावाचा गट चक्क बारमध्ये जमायचा. ज्या शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट म्हणून माणसं मारली गेली, तिथे शंकेलाही भक्तीत जागा देणारी मंडळी निघावी याचं मला अप्रूप आहे. पण त्यांच्याबद्दल वाचताना मनात थोडी असूयाही येते. त्यांना एक देऊळ सोडून दुसरीकडे बसणं परवडतं. आमच्याकडे देवळाला जन्माची नोंद, लग्न, दफनभूमीतली जागा, शाळा, शेजारपाजार, सगळं बांधलेलं. त्यात आपण मूठभर. नवीन ओळख झालेला माणूस अजून सहज विचारतो, "तुम्ही लोक कधी कन्व्हर्ट झालात?" पोर्तुगीज वसईत १५३४ला आले आणि १७३९ला चिमाजी अप्पांकडून हरून गेले, आम्ही इथेच राहिलो. कुणीतरी सारखं बाहेरून मोजत असताना "मला नक्की माहीत नाही" असं मोठ्याने म्हणायला जास्त धैर्य लागतं. अल्पसंख्याक माणसाचा 'आम्ही' आवळलेलाच असतो. त्या 'आम्ही'च्याही आत कुपारी, वाडवळ, कोळी अशी वेगवेगळी दारं, एका वेदीपुढे गुडघे टेकणारे पण सोयरीक करताना आपापल्या दारातून जाणारे.

म्हणून २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सिनड, म्हणजे चर्चची विचारविनिमयाची सभा, सुरू केली तेव्हा मी फार उत्साह दाखवला नाही. 'सिनड' हा ग्रीक शब्द, 'सोबत' आणि 'वाट' यांचा जोड. सहवाटचाल म्हणा. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांचं नाव तरी काय होतं? बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्यांना 'त्या मार्गाचे' लोक म्हटलंय. म्हणजे कल्पना जुनीच. नवं हे होतं की यावेळी सुरुवात रोमहून नव्हे, जगभरातल्या धर्मग्रामांतून व्हायची होती, आणि सूचना अशी होती की जे दूर गेलेत त्यांनाही ऐका. सभा आमच्याकडे २०२२च्या उपवासकाळात झाली. शाळेच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या, आठ-आठ माणसांची टेबलं. मी आमच्या टेबलाची लेखनिक होते. पप्पांना म्हटलं, चला, ही तुमच्यासाठीच आहे. ते आले, शाळा म्हणजे काही देऊळ नव्हे, असा त्यांचा हिशेब.

पद्धत अशी: पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपलं सांगायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग शांतता. दुसऱ्या फेरीत स्वतःचं नाही बोलायचं, दुसऱ्याचं जे मनाला लागलं ते सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा. आमच्या टेबलावरच्या एका मुलीचा नवरा हिंदू होता, तिला सारखं वाटायचं की आपल्या पोरांकडे इथे पाहुण्यांसारखं पाहतात. तिचं ऐकताना माझ्या डोक्यात चार उत्तरं तयार झाली आणि चारही गिळावी लागली. एक तरुण झारखंडचा होता, वसई पूर्वेच्या कारखान्यांत कामाला. तो म्हणाला, "मराठी पूरी समझ में नहीं आती, इसलिए पीछे खड़ा रहता हूँ. बैठूँ तो लगता है किसी की जगह ले ली." मग पप्पांची पाळी आली. मी पेन सावरलं. एकतीस नाही, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचं साचलेलं आता बाहेर पडणार.

पप्पा म्हणाले, "बाहेर ऐकू येत नाही. एक लाऊडस्पीकर बदामाकडे लावा."

झालं. बसले.

दुसऱ्या फेरीत ते त्या झारखंडच्या मुलाकडे बघून बोलले, हिंदीत, दादरच्या बाजारात शिकलेल्या: "तू अंदर खड़ा रहता है, मैं बाहर बैठता हूँ. कभी बाहर आ, जगह है." पोरगा हसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, किंवा मला तसं दिसायला हवं होतं.

अहवालाचा छापील नमुना होता. त्यात पहिल्या फेरीसाठी रकाने होते; दुसरी फेरी कुठे लिहायची ते मला कळेना, वेळही संपत आली होती. मी लिहिलं: '७. ध्वनिव्यवस्था सुधारावी.' माझ्याच वडिलांची अठ्ठावीस वर्षं मीच माझ्या हाताने दोन शब्दांत बसवली. तो कागद धर्मप्रांताकडे गेला, तिथून त्याचं सार पुढे, त्या साराचं सार आणखी पुढे. पप्पांच्या वाक्यातलं रोमला काय पोचलं असेल, देव जाणे. सर्वांनी मिळून करायच्या गोष्टीतली ही खरी ठेच आहे: ऐकणारा तुमच्या घरचा असला तरी त्याच्याकडे रकाने असतात.

२०२३च्या ऑक्टोबरात रोमचे फोटो आले, तर तिथेही गोल टेबलं. कार्डिनल, धर्मभगिनी, प्रापंचिक एकाच टेबलाशी. साडेतीनशेहून जास्त मतदारांत ५४ बायका. अशा सभेत बायकांनी मत देण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी अंतिम दस्तऐवजाच्या प्रत्येक परिच्छेदावर मतदान झालं. स्त्रियांना डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालचे दीक्षित सेवक, होता येईल का, हा प्रश्न खुला आहे, असं म्हणणारा साठावा परिच्छेद २५८ विरुद्ध ९७ मतांनी मंजूर झाला. सगळ्यात जास्त विरोध त्यालाच. मी हे पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे सत्त्याण्णव जणांना प्रश्न खुला ठेवलेलाही चालत नाही?"

मी हसले, पण मला राग आला होता, आणि अजून आहे. वाटचाल संपलेली नाही, वाट खुली आहे, हे ऐकायला फार गोड असतं. पण 'खुला प्रश्न' आणि 'लांबणीवर टाकलेला प्रश्न' यांतला फरक, वाट पाहणारीलाच कळतो. माझी आई पन्नास वर्षं देवळाची फुलं लावत होती, वेदीची वस्त्रं धूत होती. तिच्यासाठी कसली वाट खुली होती? एप्रिल २०२५मध्ये पोप फ्रान्सिस गेले तेव्हा मी रडले. मग त्यांच्यावर मनातल्या मनात चिडले. दोन्ही एकाच संध्याकाळी. आणि तरी पुढच्या रविवारी आत जाऊन बसले. का, हे मला सांगता येत नाही. वाटतं बुवा, आहे.

लाऊडस्पीकर यथावकाश लागला. आमच्या अहवालामुळे नव्हे, सणाला गर्दी बाहेर उभी राहते म्हणून. आता पप्पांची तक्रार आहे की आवाज फार मोठा आहे, पाखरंसुद्धा उडून जातात. झारखंडचा मुलगा दोनतीन रविवार खरंच पारावर येऊन बसला होता. नंतर त्याची कंपनी बदलली, तो भिवंडीला गेला.

स्पीकर नव्हता तेव्हाची आमची एक रीत होती. मिस्सा संपला की आम्ही दोघं चालत घरी निघायचो, आणि विहिरीच्या वळणावर पप्पा विचारायचे, "आज काय वाचलं?" मग मी शुभवर्तमान सांगायचे, माझ्या शब्दांत, अर्धं विसरून. ते दुरुस्त करायचे. त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे.

२०२३च्या एप्रिलमधला एक रविवार मला आठवतो. त्या दिवशी अम्माऊसच्या वाटेची गोष्ट होती. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघालेले. खचलेले. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो, काय बोलताय म्हणून विचारतो, बरंच काही समजावून सांगतो. गाव येतं, तो पुढे जायला लागतो, हे म्हणतात, थांब, संध्याकाळ झालीय. जेवायला बसल्यावर तो भाकर मोडतो, आणि तेव्हा यांना ओळख पटते. पटते न पटते तोच तो दिसेनासा होतो.

"किती चालले म्हणे?" पप्पांनी विचारलं.

"अकराएक किलोमीटर."

"आणि ओळखलं नाही."

"नाही."

"मग पुढे काय केलं त्यांनी?"

"तसेच उठले आणि परत यरुशलेमला गेले."

"रात्रीचे?"

"रात्रीचे."

पप्पा थोडं चालले. ऊन वाढलं होतं. "एकाचं नाव क्लिओपास," ते म्हणाले. "दुसऱ्याचं काय?"

मी आठवून पाहिलं. "दुसऱ्याचं दिलेलं नाही."

"नीट वाचलंस का?"

"घरी गेल्यावर बघते."

"बघ," ते म्हणाले, आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आणि जरा भरभर चल. बाजारात उशीर झाला तर बोंबील संपतात."